घरातल्या अकरा दुरुस्त्या

साबणाच्या कारखान्यात वस्तादांनी बत्तीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं. नवी माणसं मशीन बंद पडलं की पाना घेऊन धावायची. वस्ताद रिकाम्या हाताने जायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि मशीनवरच्या माणसाला विचारायचे, "कधीपासून होतंय? त्याच्या आधी काय बदललं होतं?"

एकदा वडीला कागद गुंडाळणाऱ्या मशीनवर कागद फाटायला लागला. शेकड्यांनी वड्या उघड्या पडायच्या. साहेबांनी पाती बदलली, मग कागद बदलला, मग कागद पुरवणारा माणूस बदलला. फाटायचं काही थांबेना. वस्तादांनी त्या मशीनला हातही लावला नाही. वड्या येत होत्या त्या वाटेने ते उलटे चालत गेले आणि चार मशीनं मागे, वड्या गार करणाऱ्या पंख्यापाशी थांबले. पंख्याचा पट्टा सैल पडला होता. वडी कोमट येत होती, कोमट म्हणून मऊ, मऊ म्हणून कागदाला चिकटायची आणि कागद फाटायचा. पट्टा आवळला, झालं. "जिथे फाटलं तिथे सगळेच बघतात," वस्ताद म्हणायचे. "फाडणारा मागे कुठेतरी आरामात बसलेला असतो."

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात जे झालं, ते कोणी दुसऱ्याचं म्हणून सांगितलं असतं तर वस्ताद हसले असते.

त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे काजवाल्या काकू म्हणत. काज म्हणजे बटण अडकवायची चीर. मशीनवर काज एका मिनिटात होतं, पण चांगल्या कोटाचं काज हातानेच करावं लागतं. कडेला आतून जाड दोरा धरायचा, त्याच्यावरून टाका घ्यायचा आणि प्रत्येक टाक्याची गाठ बरोबर कडेवर बसवायची, एकीला लागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखी. गल्लीच्या टोकाला दुकान असलेले शिंपीमास्तर आपले सगळे कोट काकूंकडे पाठवत. "कोट मी शिवतो, पण माणूस आरशात बघतो ती काजं," असं मास्तर स्वतःच म्हणायचे. काकूंना या हाताचा फार अभिमान होता. बोलून दाखवायच्या नाहीत, पण लग्नकार्यात कोणी ओळखीचा कोट घालून आला की त्यांचे डोळे आधी त्याच्या छातीवर जायचे आणि मग तोंडावर.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने वस्ताद घरात बसले ते बटण बंद केलेल्या यंत्रासारखे. सकाळी कारखान्याच्या भोंग्याला उठायचे, दाढी करायचे आणि ते दाढी केलेलं तोंड घेऊन कुठे जायचं ते त्यांना कळायचं नाही.

"अहो, पायात येऊ नका," काकू म्हणायच्या.

ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. घराला खोल्या दोनच. थोड्या वेळाने परत पायात.

मग एका सकाळी साखरेच्या बरणीचं निघालं.

"अहो, हे झाकण फिरत नाही हो."

वस्तादांनी फिरवलं. फिरलं. "फिरतंय की."

"तुमच्या हातात फिरतंय. माझ्या नाही."

वस्तादांनी बरणी उजेडात धरली, उलटी केली, आटे बघितले आणि त्यांच्या अंगात जीव आला. दुपारपर्यंत लाकडाचं नवं झाकण तयार झालं, वर धरायला चांगली मोठी मूठ. "राणीसरकारांनी आता फिरवायचं नाही. नुसतं उचलायचं." काकू हसल्या. त्या दिवशी वस्ताद दोन वेळा पोटभर जेवले आणि संध्याकाळी खिडकीत उभे राहून शीळ घालत होते.

महिन्याभराने दाराची कडी. काकूंना ती सरकवायला जड जायची. वस्तादांनी ती काढून लांब दांड्याची बसवली, कोपराने ढकलली तरी उघडेल अशी. मग नळ. नळाची गोल चकती काढून त्यांनी तिथे बोटभर लांबीची पट्टी बसवली. मग कपांचे कान हातातून निसटून कप फुटायला लागले, तेव्हा ते बाजार धुंडाळून दोन हातांनी धरायचे मोठे पेले घेऊन आले. काकूंच्या कात्रीला आपोआप उघडणारी स्प्रिंग लावली. कपाटाच्या खणांना मुठीच्या जागी कातडी पट्टे लावले, नुसतं मनगट अडकवून ओढायचं. शेजारीपाजारी बघायला यायचे. "काकू, नशीब काढलंत. आमच्याकडे खिळा ठोकायला सांगितला की भिंतच पडते." काकू मान डोलवायच्या.

किटलीचा दिवस वस्तादांच्या नंतर फार लक्षात राहिला. गरम चहाची किटली काकूंच्या हातातून सुटली. चहा जमिनीवर, झाकण पलंगाखाली. नशिबाने पायावर पडलं नाही. काकू आपल्या उजव्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

"माझा हात ऐकत नाही हो हल्ली," त्या म्हणाल्या.

वस्ताद खाली बसून किटली बघत होते. "हात काय करणार बिचारा? दांडीच बारीक आहे. बघ, बोटांना धरायला जागाच नाही. थांब, जाड करतो."

काकू पुढे काही बोलणार होत्या. पण तोवर वस्ताद करवत शोधायला गेले होते.

दांडी झकास झाली. त्यानंतर शिवणाच्या जागी मोठा दिवा आणि त्याला टांगलेलं भिंग आलं, कारण काकू म्हणाल्या की टाका नीट पडत नाही, डोळे गेले असतील. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा झाला. काकू दोनदा अडखळल्या म्हणून उंबरठा तासून सपाट केला. चपलांना नवे रुंद पट्टे लागले, कारण चपला पायातून मागेच राहायच्या. अकरा दुरुस्त्या, साडेतीन वर्षांत. घर असं झालं होतं की आजारी माणसालासुद्धा आपण आजारी आहोत हे कळू नये.

ते कळलं आक्कामुळे. आक्का म्हणजे वस्तादांची थोरली बहीण. चार दिवस राहायला आली. तिने दार ढकललं आणि ते इतकं हलकं उघडलं की ती तोल जाऊन आतच आली.

"अरे बाळ्या, दार आहे की पडदा?"

"सोय आहे, आक्का."

आक्काने हात धुतले, नळाची पट्टी बघितली. साखर घेतली, झाकण बघितलं. किटलीची दांडी धरली आणि म्हणाली, "ही किटली आहे की कुदळ?" वस्ताद खुशीत एकेक वस्तू दाखवत गेले. आक्का ऐकत होती, पण तिचं लक्ष भावजयीकडे होतं. काकू लसूण सोलत होत्या. तीन पाकळ्यांत त्यांनी चार वेळा हात झटकला.

"इकडे ये गं," आक्का म्हणाली. "माझ्या पोलक्याचं हे वरचं बटण लाव. मला मागे हात पोचत नाही."

"वन्सं, तुमचं बटण तर पुढे आहे."

"मग आणखी सोपं. लाव."

काकूंनी बटण धरलं. बोटं त्याच्याभोवती फिरली, घसरली, परत फिरली. आयुष्यभर ज्या बाईने हजारो काजं केली तिला एका काजातून एक बटण जाईना. आक्काने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्याजवळचं मांस बसून तिथे खड्डा पडला होता.

"बाळ्या," आक्का म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अख्ख्या घराला औषध दिलंस रे. हिचा हात बघितलास का कधी?"

वस्ताद म्हणाले, "वय झालं की थोडं..."

"माझं वय हिच्यापेक्षा नऊ वर्षांनी जास्त आहे. हे बघ." आणि आक्काने बटण काढून, लावून, परत काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला कमी. त्यांनी काकूंना सांगितलं, "मूठ मिटा, उघडा. भराभर. मी थांबा म्हणेपर्यंत." दहा सेकंदांनी थांबवलं. "वीसेक वेळा व्हायला हवं. तुमचं नऊ वेळा झालं." मग गुडघ्यावर, कोपरावर लहान हातोडीने मारून बघितलं, एका ओळीत चालायला लावलं. मग विचारलं, "कधीपासून होतंय?"

"असेल चार-सहा महिने," काकू म्हणाल्या.

चुकीची तारीख वस्तादांना कारखान्यातही सहन व्हायची नाही. "नाही, नाही. तसं नाही," ते मध्येच म्हणाले. "मी सांगतो. मला क्रम पाठ आहे. आधी बरणीचं झाकण फिरेना, त्याला साडेतीन वर्षं झाली. महिन्याभरात दाराची कडी जड झाली. मग नळ. त्यानंतर कप सुटायला लागले. मग कात्री. मग खण उघडेनात. मग किटली..."

किटलीपाशी ते थांबले.

बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून अशा याद्या ऐकल्या होत्या. अर्धी यादी ऐकली की त्यांना कळायचं, या सात तक्रारी नाहीत, एकच आहे. आता यादी स्वतःच्या तोंडून बाहेर पडत होती आणि तेच कळत होतं. झाकण चांगलं होतं. कडी चांगली होती. नळ, कप, कात्री, सगळं चांगलं होतं.

"बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी लिहून घेतेय."

"मग टाके नीट पडेनात," वस्ताद हळू म्हणाले. "मग जिना. उंबरठा. चपला."

"म्हणजे हातानंतर पाय." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मोठ्या यंत्रात घालून मानेचा फोटो काढला. तो दिव्यावर लावून त्यांनी पेनाने दाखवलं. मानेच्या मणक्यांमधून जी मुख्य दोरी खाली जाते ती एका जागी चेपली होती, पाय पडलेल्या नळीसारखी. "दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. पहिल्या वर्षात आला असतात तर..." त्या थांबल्या.

"तर काय?" वस्तादांनी विचारलं.

"तर हात बराचसा परत आला असता. आता ऑपरेशन केलं तर दुखणं आहे तिथे थांबेल. चालणं सुधारेल. बोटांचं मी खात्रीने सांगू शकत नाही. जे यायचं ते सहा महिन्यांत येईल."

घरी आल्यावर आक्का मुद्दाम शेजारी जाऊन बसली. वस्ताद पलंगाच्या कडेवर बसले. काकू खुर्चीत.

"तू बोलली का नाहीस मला?"

"बोलले होते."

वस्तादांनी मान खाली घातली. "एकदा. नंतर परत का नाही बोललीस?"

काकूंनी उजवा हात डाव्या हातात घेतला. "बरणीच्या दिवशी तुम्ही शीळ घातलीत," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी. तुम्ही घरात नुसते बसायचात, मला वाटायचं हा माणूस असाच बसल्या बसल्या जाईल. मग मनात म्हटलं, एका झाकणात एवढं होत असेल तर देईन मी अडचणी. खोट्या नव्हत्या हो त्या. पण मला जे जड जायचं ते सगळं एकदम नाही सांगितलं. पुरवून पुरवून दिलं तुम्हाला."

वस्तादांना रागावायला जागा नव्हती आणि रडायची सवय नव्हती.

ऑपरेशन झालं. महिन्याभरात काकू कठडा न धरता जिना उतरायला लागल्या. हाताचे व्यायाम शिकवणारी बाई घरी आली, तिने चहूकडे बघितलं आणि जाता जाता म्हणाली, "हाताला काम पाहिजे, काका. इतकी सोय नको."

एवढं वाक्य वस्तादांना पुरलं. काकू दुपारी झोपल्या होत्या तेवढ्यात त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुना माल काढला आणि तीन तासांत सगळं जसंच्या तसं केलं. गोल चकतीचा नळ, जुनी कडी, बारीक दांडीची किटली. कात्रीची स्प्रिंग काढली. एकेक स्क्रू फिरवताना त्यांना वाटत होतं की आपण गेलेली वर्षं उलटी फिरवतोय.

काकू उठल्या, न्हाणीघरात गेल्या, हाताला साबण लावला. मग नळाची चकती हातात घेतली. साबणाची बोटं तिच्यावरून सरकत राहिली. वस्ताद दारात उभे होते.

"फिरव, फिरव. जोर लाव. व्यायाम आहे."

काकू फिरवत राहिल्या. साबण सुकायला लागला. मग त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं आणि ऑपरेशनच्या वेळीसुद्धा रडली नव्हती ती बाई तिथे उभ्या उभ्या रडली.

"मला विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "एकदा तरी मला विचारायचं. माझा हात आहे ना हा?"

वस्तादांनी नळ सोडला, त्यांचे हात आपल्या हातात धरून धुतले. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, नळ परत पट्टीचा हवा, कात्री अशीच राहू दे, कडीचं बघू. वस्तादांनी तेवढंच केलं.

सहा महिने संपले. काकू रोज सकाळी खिडकीत बसून चिंधीवर काज घालून बघायच्या. वस्ताद समोर बसायचे. टाके पडायचे, पण गाठ कधी कडेच्या आत, कधी बाहेर. एक काज पुरं व्हायला सकाळ जायची. काकू ते उजेडात धरायच्या, उसवायच्या आणि चिंधी घडी करून ठेवायच्या. सहा महिन्यांवर आठ दिवस झाले तेव्हा त्यांनी सुयांचा डबा उचलला. "चला," म्हणाल्या. "मास्तरांना सांगून येऊ. त्यांनी तरी किती दिवस वाट बघायची?"

शिंपीमास्तर कोटाची बाही उलटी करत होते. काकूंना बघून उठले, खुर्चीवरचं कापड बाजूला केलं.

"मास्तर, आता काजं नाही व्हायची माझ्याकडून. दुसरं कोणी बघा."

मास्तरांनी गळ्यातली फीत काढली, परत घातली. "काकू, एक बोलू? राग मानू नका." ते वस्तादांकडे बघत होते. "ऑपरेशनच्या आधीची दोन वर्षं तुमची काजं मी उसवून परत घालत होतो. बायको आणि मी, रविवारी बसून. मला वाटलं वयामुळे होत असेल. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं? तुमच्या हाताला नावं ठेवायची म्हणजे..."

काकूंचा चेहरा बघवेना. वस्ताद पटकन म्हणाले, "मास्तर, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर..." आणि थांबले. हे वाक्य या दुकानात बोलण्याचा सगळ्यात कमी अधिकार आपल्याला आहे, हे त्यांना तोंड उघडल्यावर कळलं. मास्तरांनीही नजर खाली घातली. चांगली माणसं होती सगळी. एकानेही वाईट केलं नव्हतं.

काकूंनी डबा मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "वापरा. घरात नुसता गंज चढेल."

दोघं परत निघाली. रस्ता उन्हाचा होता, दुकानं अर्धी बंद. काकू वस्तादांच्या कोपराला धरून चालत होत्या, आधाराला नव्हे, नेहमीसारख्या. तीन दिवसांपासून वस्तादांच्या डोक्यात एक चिमटा तयार होता, सुई घट्ट धरणारा, मनगटाला बांधायचा. पितळेचा करायचा की पोलादाचा एवढंच ठरायचं होतं. तो त्यांच्या ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच ते अडचणीशेजारून नुसते चालत गेले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "हातात कसं वाटतं गं? म्हणजे आतून?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, थट्टा तर नाही ना याची खात्री केली. "हातमोजा घातल्यासारखं," त्या म्हणाल्या. "आणि मोज्यात वाळू भरल्यासारखं. आपला हात आपल्याला लांबून दिसतो."

"बरणीच्या आधीपासून?"

"बरणी काय घेऊन बसलात." काकूंनी चालता चालता मोकळ्या हाताने मानेवरचे आखूड केस मागे सारले. "केस. तुम्ही अजून कारखान्यात जात होतात. वेणी घालताना तिसरा पेड हातात राहायचा नाही. दोन धरले की तिसरा सुटायचा. पंधरा दिवस रोज अर्धा अर्धा तास मी आरशासमोर. शेवटी एका दुपारी गेले आणि कापून आले."

वस्तादांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. दारात उभ्या उभ्या ते म्हणाले होते, दहा वर्षांनी लहान दिसतेस, आणि हसून डबा तिच्या हातात दिला होता. कापलेल्या केसांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते त्यांच्या यादीत कधी आलंच नाही. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर साडेतीन वर्षं लिहिलं होतं. तेही चुकीचं होतं.

"लांब होते ना गं," ते म्हणाले.

"कमरेपर्यंत. केस कापणाऱ्या बाईने विचारलं, पिशवीत घालून देऊ का? मी म्हटलं नको." काकू थोडं चालल्या. "मग मी तिथेच बाकावर बसले होते. बराच वेळ. घरी येऊन तुम्हाला काय सांगायचं ते जुळवत होते. पण तुम्ही आलात आणि हसलात, मग म्हटलं जाऊ दे."

वस्ताद ऐकत होते. काकू पुढे सांगत होत्या, त्या बाकाबद्दल, मग पहिल्यांदा सुई हातातून पडून दिसेनाशी झाली त्याबद्दल, मग रोज सकाळी उठल्यावर पांघरुणाखालीच बोटं मोजून बघण्याबद्दल. मध्येच त्या थबकल्या.

"अहो, आपली गल्ली मागे राहिली."

"राहू दे," वस्ताद म्हणाले. "तू सांग."